गव्हाणीवरचा दुसरा माणूस

९ ऑक्टोबर १९९९, शनिवार

आले एकदाची इस्लामपूरला. एसटीत सगळ्या वाटेनं मांडीवर बोर्डाचा खोका. शेजारच्या आजींनी विचारलं, “काय गं, देव हाय का त्यात?” म्हटलं, कॉम्प्युटर आहे. “येवढुसा?” म्हणाल्या आणि तोंड फिरवून झोपल्या. विश्वास बसला नाही त्यांचा. तळहाताहून थोडा मोठा हिरवा पत्रा, त्याला चार कॅमेरे जोडायचे, आणि त्यानं बघून ठरवायचं की साखळी चालू ठेवायची की थांबवायची. मला तरी कुठं पुरता विश्वास बसलाय!

कारखान्याची गव्हाण आज पहिल्यांदा पाहिली, हंगाम अजून सुरू व्हायचाय. ऊस पडायचा लांबलचक हौद, तळाला लोखंडी साखळी. ती उसाला ओढत नेते आणि पलीकडच्या टोकाला सुऱ्या फिरतात. हौदाच्या कडेला एक फळी. तिच्यावर उभं राहून एक माणूस आकड्यानं ऊस सरळ करतो. दुसरा माणूस खाली लाल बटणाशी उभा राहून नुसता पहिल्याकडे बघतो. मागच्या हंगामात बटणावरचा माणूस तंबाखू मळत होता आणि फळीवरचा गेला. पुढं काय झालं ते चीफसाहेबांनी, कारखान्याच्या चीफ इंजिनियरांनी, सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणून हे कॅमेरे.

आमच्या साताऱ्याच्या वर्कशॉपला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. सुभेदारसाहेब, म्हणजे नाथाजी घाडगे, लष्कराच्या सिग्नलमधून रिटायर झालेले माझे साहेब, निघताना म्हणाले, “नीलिमा, मोर्चा तुझा. फत्ते करून ये.” फत्ते! सोल्डरिंग आयर्नसुद्धा मी माझं आणलंय.

११ ऑक्टोबर

चारही कॅमेरे बसवले. एक आणि दोन वर पत्र्याच्या छताला, चौथा सुऱ्यांच्या तोंडाशी. तिसरा सर्वांत खाली, फळीच्या अगदी समोर, लोखंडी अँगलवर. खरं काम त्या तिसऱ्याचंच. फळीवर पिवळा पट्टा मारलाय. पट्ट्यापलीकडं माणूस गेला की बोर्डानं साखळी थांबवायची.

फळीवरचा माणूस धुळा. आटपाडीकडचा, मेंढरं सोडून कारखान्यात आलेला, पन्नाशीचा, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. बटणावरचा बाळासो, तो मागच्या माणसाच्या जागी आलेला. त्याच्या तोंडाला कुलूप. दोघांची जोडी जमलीय मात्र. धुळा काय बोलणार हे बाळासोला आधीच ठाऊक असतं आणि तो आधीच मान हलवतो.

“आवं बाई, ह्यो डबा माझ्याकडं टकामका बघतोय. आमची बायकू बी येवढं बघत न्हाई.”

मी हसले नाही. पहिल्याच दिवशी हसलं की ही माणसं डोक्यावर बसतात. वर्कशॉपमधल्या फिटरांनी मला हे चांगलंच शिकवलंय.

१३ ऑक्टोबर

बुजगावणं करून चाचणी घेतली. धुळाचाच जुना सदरा, आत पाचट. पट्ट्यापलीकडं ढकललं की साखळी थांबते. दर वेळी थांबली! मी उडीच मारणार होते, पण चीफसाहेब समोर होते.

ते म्हणाले, “हा झोपत नाही, तंबाखू खात नाही, लग्नाला रजा मागत नाही. बरोबर?”

म्हटलं, “साहेब, माणसाचा डोळा लवतो. कॅमेऱ्याचा लवत नाही.”

बरं सुचलं मला. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मोठ्या माणसाला आपलं वाक्य आवडलं की बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

१५ ऑक्टोबर

चहाच्या वेळी बाळासो जवळ आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. “बाई, ह्ये कायमचं हाय का ह्या सीझनपुरतं?” मी त्याला समजावून सांगितलं की नीट वापरलं तर पाच-सहा वर्षं काही होत नाही, आणि बिघडलं तर साताऱ्याहून आम्ही येतोच. वाटलं, खूश होईल. तर बाबा चहा तसाच ठेवून निघून गेला. काही काही माणसांना नव्या वस्तूचं कौतुकच नसतं.

१६ ऑक्टोबर

धुळाची बायको बनुबाई डबा घेऊन आली होती. ज्वारीची भाकरी, खरडा, आणि माझ्यासाठी वेगळं दही. मी आधी कचरले. कोण कुणाकडून काय खातं ते आपल्या लोकांना लहानपणापासून मोजावं लागतं. तिनं काही मोजलं नाही, दही ताटात ओतलं आणि पडद्यासमोर बसली.

“ह्यात आमचं मालक दिसत्यात?”

दाखवले. बराच वेळ बघत बसली. धुळा पडद्यावर चाचणीपुरता आकडा फिरवतोय, खोकतोय, एवढंच. तिला टीव्हीसारखं वाटलं असावं. जाताना म्हणाली, “तुमी बघताय न्हवं सारखं? मग झालं.” म्हटलं, मी नाही, बोर्ड बघतो. तिनं परत तेच विचारलं, “पर तुमी बी बघताय न्हवं?” मी हो म्हणून टाकलं.

१७ ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी, परवा दसरा. मी वडूजला घरी चाललेय. आमच्याकडं तो दिवस दीक्षेचा. विहारात आईला पांढऱ्या साडीतली मी हवीच असते. इथं खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा होते, पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी कामाला घेत नाही. तसंही मी असून नसून सारखीच. जाताना सगळ्यांना बजावलं, माझ्या पेट्यांना कुणी हात लावायचा नाही. धुळानं छातीवर हात ठेवून शब्द दिला.

२१ ऑक्टोबर

परत आले तर माझे चारही कॅमेरे नवरदेव झालेत. झेंडूच्या माळा काय, हळदकुंकू काय! दोन नंबरच्या काचेवर बोटभर कुंकवाचा टिळा. ओरडणारच होते, पण गिळलं. मी बोलले तर उद्या म्हणतील, बघा, ह्यांना देवाचं वावडं. गुपचूप काचा पुसल्या. पेटीभोवती मुंग्या फिरत होत्या. साखर कारखान्यात मुंग्या नसतील तर काय हत्ती असतील?

बाळासो दिसला नाही. त्याला बग्यासच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाकडं टाकलंय म्हणे. बरंच झालं, ते सुतकी तोंड तरी समोर नाही.

२२ ऑक्टोबर

तीन नंबर बिघडला. चित्र चांगलं चालू असतं, मध्येच काळे पट्टे सरकायला लागतात, मग परत स्वच्छ. मोटर चालू झाली की जास्त. म्हणजे अर्थिंग. दिवसभर अर्थिंगच्या मागं. काही नाही.

२३ ऑक्टोबर

अर्थिंग नव्हे. कॅमेरे अदलाबदल केले. तीनच्या जागी जो लावावा तो आंधळा होतो. म्हणजे कॅमेरा चांगला, बोर्डात दोष? बोर्डाची ती जागा बदलली, तरी तेच. केबल बदलायची तर तेवढी लांब केबल साताऱ्याहून यायला हवी. एकेकाला विचारलं, “माझ्या मागं कुणी हात लावला होता का?” सगळे एका सुरात न्हाई. धुळा तर म्हणाला, “बिरोबाची आन, बाई.” बघत होता मात्र जमिनीकडं. मला त्याचा संशय येतोय. साखळी सारखी थांबणार म्हटल्यावर ह्यांना हे कॅमेरे नकोच असणार. लिहून ठेवते: हा माणूस मला बुडवणार.

२५ ऑक्टोबर



सकाळपासून तीन नंबरचं चित्र स्वच्छ होतं, म्हणून आज रिकामी साखळी चालवून शेवटची चाचणी घेतली. धुळा नेहमीप्रमाणं स्वतः फळीवरून पट्ट्यापलीकडं गेला. एरवी पाऊल पडायच्या आत साखळी थांबते. आज थांबली नाही. तो तिकडं, साखळी खालून खडखडतेय, सुऱ्या फिरताहेत, आणि माझ्या पडद्यावर फळी रिकामी! दिवा हिरवा. मी बटणाकडं पाहिलं, तिथं कुणीच नव्हतं. मी किंचाळले. धुळानं माझ्या आवाजासरशी मागं उडी मारली आणि फळीवर बसला. मग मी पळत जाऊन बटण दाबलं.

तो म्हणाला, “काय झालं वो?” मी पडद्याकडं बोट केलं.

आता समजलं ते लिहिते, म्हणजे उद्या मला स्वतःशी लपवता येणार नाही. तीन नंबरचं चित्र तुटलं की बोर्ड शेवटचं चित्र धरून बसतो. नवं येईपर्यंत तेच बघत राहतो. त्या जुन्या चित्रात फळी रिकामी असते, म्हणून तो म्हणतो, सगळं ठीक. हा प्रोग्रॅम माझा आहे. कॅमेऱ्याचा डोळा लवत नाही म्हणे! लवत नाही खरा, मेलेला डोळासुद्धा लवत नाही.

आणि बटणावर कुणी का नव्हतं? चीफसाहेबांना विचारलं. ते सहज म्हणाले, “तुमचा कॅमेरा आला ना. आता दुसरा माणूस कशाला? तुम्हीच म्हणाला होता, माणसाचा डोळा लवतो.”

बाळासो चहा ठेवून का गेला ते आज कळलं. आणि मी त्याला पाच-सहा वर्षांची हमी देत होते. लाज वाटते.

२६ ऑक्टोबर

सुभेदारसाहेब साताऱ्याहून आले. केबल घेऊन आले आणि घाई घेऊन आले. रविवारी हंगामाची पहिली मोळी टाकायचा समारंभ आहे, चेअरमनसाहेब, पाहुणे, पेपरवाले. मी म्हटलं, प्रोग्रॅम बदलते. नवं चित्र आलं नाही की साखळी बंद, मग कारण काही का असेना. साहेबांनी कपाळाला हात लावला. “अगं, मग ती दर घटकेला थांबेल. मिल उपाशी राहील. समारंभ होऊ दे, मग बदल.”

म्हटलं, “आणि तोवर धुळा?”

“तोवर सांभाळून राहील तो. अकरा हंगाम काढलेत त्यानं कारखान्यात.”

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी भांडले. त्यांना आवाज चढवून बोलल्याचं वाईट वाटतंय, पण माघार घ्यावीशी वाटत नाही. साहेब शेवटी म्हणाले, “कर काय करायचं ते. जबाबदारी तुझी.” ते माझ्याकडं न बघता केबल गुंडाळत बसले.

२७ ऑक्टोबर

सापडलं! नवी केबल टाकायला तीन नंबरचा जोड उघडला तर आत सगळं हिरवं, चिकट, आणि मुंग्यांचं वारूळच. केबलच्या टोकाला तारेवरची तांब्याची जाळी गंजून लोळागोळा झालेली. धुळाला बोलावलं.

“हे काय आहे?”

त्यानं वाकून पाहिलं. “नारळाचं पाणी आसंल. त्या अँगलवर फोडला न्हवं खंडेनवमीला. नव्या मशिनीवर फोडत्यात की.”

“मी कितीदा विचारलं, कुणी हात लावला का? बिरोबाची आण घेतलीस ना?”

“मग? हात कुठं लावला?” त्याला खरंच कळेना. “पूजा केली. पूजेला कुणी हात लावला म्हणतंय व्हय?”

चार दिवस बोर्डावर डोकं फोडलं, माणसावर आळ घेतला, आणि ह्यांनी तर माझ्या कॅमेऱ्याला आशीर्वाद दिला होता. मी हसायला लागले आणि हसता हसता रडू आलं. तो घाबरला. “बाई, आमची चूक झाली का?” नाही रे बाबा. पाणी चालत नाही हे न सांगता निघून गेले ती चूक माझी. तू खाली बघत होतास तेव्हा मला वाटलं चोर आहेस. तर म्हणाला, “बाळासो गेल्यापासनं पायाखालीच बघतुया. सवय लागलीया.”

मग मी भीत भीतच विचारलं, रविवारी परत नारळ फुटेल का. तो म्हणाला, “जोत्याच्या दगडावर फोडू की. देवाला काय, फुटल्याशी मतलब.” मी उगाच इतके दिवस जीभ चावून बसले होते.

२९ ऑक्टोबर

नवा प्रोग्रॅम घातला. केबल उपटली, साखळी बंद. काचेवर हात, बंद. बोर्डाची वीज काढली, बंद. धुळाला पट्ट्याजवळ जाऊ दिलं नाही, बुजगावण्यावरच भागवलं. तो फुगला. “माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?” म्हटलं, माझ्यावर नाही.

चीफसाहेबांना जाऊन सांगितलं की बाळासोला परत आणा. ते म्हणाले, हंगामाच्या नेमणुका झाल्या. मी म्हटलं, मग मी सांगेन की हे तयार नाही. त्यांनी सुभेदारसाहेबांकडं पाहिलं. सुभेदारसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

३१ ऑक्टोबर, रविवार

सगळं लिहिणार आहे. थकले आहे, तरी लिहिणार.

मांडव, बँड, फेटे. चेअरमनसाहेबांनी मोळी टाकली, नारळ दगडावर फुटला, टाळ्या वाजल्या, साखळी सुरू झाली. आणि थांबली. परत सुरू, परत थांबली. फोटोसाठी पाहुण्यांची रीघ फळीवर चढत होती, पिवळा पट्टा कोण बघतो! बोर्ड बिचारा बरोबर काम करत होता. मी ओरडून सांगत होते, पट्ट्याच्या अलीकडं या, पण बँडपुढं माझा आवाज काय पोचणार. चेअरमनसाहेबांनी चीफसाहेबांकडं नुसतं पाहिलं. चीफसाहेब वायरमनला म्हणाले, “घाल तार.”

म्हणजे आडवी तार घालून बोर्डाकडून येणारी सूचनाच बाद केली. बोर्ड थांब म्हणो की मर म्हणो, साखळी चालू; थांबवायला उरलं फक्त लाल बटण. मी सुभेदारसाहेबांचा हात धरला, “साहेब, काढायला सांगा ती.” ते हळू म्हणाले, “पाहुणे जाऊ देत, नीलिमा.”

पाहुणे गेले. तार तिथंच राहिली. ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, कुणाला थांबायला वेळ नव्हता. धुळा फळीवर आकडा घेऊन चढला. खाली बटणाशी कुणी नाही.

मी जाऊन उभी राहिले. आणखी काय करणार होते? चीफसाहेब म्हणाले, “मॅडम, हे तुमचं काम नाही.” म्हटलं, “मग कुणाचं आहे ते सांगा, त्याला बोलवा, मी जाते.” ते हात झाडून निघून गेले. सुभेदारसाहेब थोडा वेळ जवळ उभे राहिले. मग म्हणाले, “मी बॉयलरकडं जाऊन येतो.” गेले.

नुसतं बघणं किती अवघड असतं! पापणी जड होते, उसाचा भुगा डोळ्यांत जातो, साखळीच्या खडखडाटानं डोकं बधिर होतं. धुळा मधेच वरून ओरडायचा, “बाई, झोपला का?” मी ओरडायचे, “तू खाली बघ!” त्याला सांगत होते आणि माझंच लक्ष तिकडं गेलं. एक ट्रॉली उलटी लागत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी तिकडं मान वळवली. तेवढंच. आकडा लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. वळले तर फळीवर धुळाचा एकच हात. उसाच्या ओल्या वाड्यावरून, शेंड्याच्या पाल्यावरून, पाय गेला होता.

बटण दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं आणि सोडलंच नाही. साखळी लगेच थांबत नाही, ते मला माहीत होतं, तरी ती किती चालली! मग थांबली. मी ओरडत होते की नाही आठवत नाही. ट्रॉलीवरच्या दोघांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. एक चप्पल पुढं सुऱ्यांच्या तोंडाशी पडली होती. पायाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. काही नाही!

तो फळीवर बसला, चपलेकडं बघत. मग म्हणाला, “परवाच घेतली हुती.” आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मी पडद्याकडं गेले. लाल दिवा लागला होता. बोर्डानं त्याला पडताना पाहिलं होतं, मी मान परत वळवायच्या आत पाहिलं असणार. तो थांब म्हणाला होता. त्याचं कुणी ऐकू नये म्हणून आम्हीच ती तार घातली होती. माझा डोळा लवला, त्याचा नाही, आणि त्याच्याकडं हात नव्हता. मी परत बटणाशी येऊन त्यावर हात ठेवला.

चीफसाहेब धावत आले. पडद्यावरचा लाल दिवा पाहिला, धुळाला पाहिलं. वाकून स्वतःच्या हातानं ती तार काढली. दोनदा निसटली. सुभेदारसाहेब मागं उभे होते. मला म्हणाले, “बेटा, चल आता, चहा घे.” मी म्हटलं, “बाळासो आल्याशिवाय हलणार नाही.” साहेब चीफसाहेबांकडं वळले. ह्या वेळी खिडकीकडं नाही. पलटणीतल्या आवाजात म्हणाले, “सुना नहीं? आदमी बुलाओ.”

बाळासो बग्यासच्या ढिगावरून तसाच आला, भुवयांवर भुसा. आधी वर चढून धुळाचा पाय दाबून पाहिला. त्याला दोन शिव्या दिल्या, त्याच्यापुढं आपली चप्पल काढून ठेवली आणि अनवाणी खाली बटणाशी आला. मला म्हणाला, “सरका बाई.”

मला सरकता येईना. हात बटणावर तसाच. बाळासो शेजारी उभा राहिला. वर धुळानं दुसऱ्याच्या चपला घातल्या, उठला, पाय टेकवून बघितला, आकडा उचलला.

“आलास का गड्या?” तो वरून म्हणाला.

“आलो की. काम कर,” बाळासो म्हणाला.

तेव्हा मी हात काढला.